पाळीची काठी

इनासने सकाळी दार उघडलं तशी बाहेरून टेकवून ठेवलेली काठी घरात आडवी झाली आणि त्याच्या अंगठ्यावर आपटली. "आय गो!" म्हणून तो एका पायावर नाचला आणि मग आपलं आपणच हसला.

"बघ मातू, पाव्हनी कशी आली ती. थेट पायाच पडली."

मातिल्डा चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. ती हसली नाही. तिने मान वळवून काठीकडे पाहिलं. पुरुषभर उंचीची, खैराची, मुठीच्या जागी गुळगुळीत झालेली. डोक्याला लोखंडी कडं होतं आणि त्या कड्याला आज चिंधी गुंडाळलेली होती.

ही काठी तिवरबंदराला नवी नव्हती. गावची भाताची सगळी जमीन म्हणजे खाजण. कधी काळी खाडीत बांध घालून, पाणी हटवून मिळवलेली. बांधाच्या मधोमध लाकडी फळ्यांची उघाडी होती. पावसाचं पाणी तिच्यातून बाहेर सोडायचं आणि भरती आली की फळ्या टाकून खाडीला अडवायचं. महिन्यातून दोनदा, पुनवेला आणि अवसेला, उधाण येई. त्या रात्री एका माणसाने बांधावर राहायचं, खेकड्यांनी पोखरलेली बिळं शोधायची, चिखल आणि तिवराच्या फांद्या कोंबून ती बुजवायची. खारं पाणी एकदा आत शिरलं की त्या वर्षाचं भात तर गेलंच, पण पुढची दोन-तीन वर्षंही जमीन गवताखेरीज काही देत नाही. म्हणून पाळी. घरामागून घर. ज्याची पाळी संपली त्याने उजाडताना काठी शेजारच्या दाराला टेकवायची. कडं वाजायचं, घर जागं व्हायचं, माणूस काठी आत घ्यायचा. कुणी कुठे लिहून ठेवत नव्हतं. काठी नाकारणं म्हणजे तिरडीला खांदा नाकारणं, अशी एके काळी गावाची समजूत होती.

एके काळी गावाच्या पुष्कळ समजुती होत्या. एके काळी सुगी झाली की बंदरात पडाव एकाला एक लागून उभे राहत, आणि तिवरबंदरचा तांदूळ मुंबईच्या बाजारात नावाने विकला जाई. मग ठाण्याला आगगाडी आली, पुढे कल्याणला गेली आणि व्यापारी तिच्या मागे गेले. मुंबईत रंगूनचा तांदूळ उतरू लागला, तो इतका स्वस्त की इथली कापणीसुद्धा त्या भावात परवडेना. आता वखारींत शेळ्या बसत. तरणी पोरं गिरण्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत गेली, त्यांच्यामागे बायका गेल्या, आणि दारांना कुलपं लागली. कुलपाला काठी टेकवून काय उपयोग? ती पुढच्या दाराला जायची. मग उघड्या दारांनाही अक्कल आली. काठी आली की उजाडायच्या आत ती गुपचूप पुढे सरकवायची. कडं वाजू नये म्हणून त्याला चिंधी बांधायची.

इनासचं घर आळीच्या शेवटी, खाडीला लागून. त्याच्यापुढे दारच नव्हतं. रीतीप्रमाणे त्याच्याकडून काठी पुन्हा आळीच्या डोक्याशी, डॉमनिक पाटलाच्या ओट्यावर जायची.

"बाबा," मातिल्डा म्हणाली, "मागच्या अवसेला तुम्हीच गेला होता ना?"

"गेलेलो."

"आणि काठी पाटलांच्या दारात ठेवली?"

"ठेवलेली."

"मग ती परत कशी आली?"

"तिला पाय फुटले आसतील."

"फुटले खरे. मी पाहिले ते पाय. बूट घातले होते त्यांनी."

इनास अंगठा चोळायचा थांबला. अख्ख्या तिवरबंदरात बूट दोघांच्याच पायांत होते. एक पाद्री आणि दुसरा डॉमनिक पाटील. पाद्री पहाटे मिस्सेच्या तयारीत असतो. डॉमनिकचे बूट मुलाने मुंबईहून पाठवलेले होते आणि ते चालताना नव्या खाटेसारखे करकरत.

"पहाटे आवाजाने जाग आली," मातिल्डा म्हणाली. "खिडकीतून पाहिलं. मधल्या कुणाच्या दारापाशी थांबलेसुद्धा नाहीत. सरळ इकडे आले."

"पाह्यलंस तर पाह्यलंस. गावात बोलायचं नाय."

"का?"

"तो नि मी एका ताटात जेवलेलो गो. त्याचा पोरगा मुंबईला. त्याला रातचं दिसत नाय."

"तुम्हाला दिसतं?"

"मना चिखल पायांनी कलतो."

मातिल्डाने भाकरी उलटवली. "एकदा नाही म्हणून बघा, बाबा. जीभ झडत नाही."

"तू शिकलेली. तूच जाऊन म्हन."

"जाऊ? म्हणू देता मला?"

"नाय!" इनास म्हणाला आणि आपल्याच विनोदावर गदगदून हसला. "बघ, म्हनलो का नाय?"

एवढ्यात दारातून शेवंतीचा आवाज आला. मिठागरावरची आगरीण ती, डोक्यावर सुकटीची टोपली. तिच्या घरची जमीन बांधाच्या आत नव्हती, म्हणून काठीशी तिचा काही संबंध नव्हता. जीभ मात्र मोकळी होती. तिने उंबऱ्यातली काठी पाहिली आणि टोपली खाली ठेवली.

"ही परत हितंच? आवो इनासदादा, लगीन लावून टाका हिच्याशी. नायतरी तुमच्याच घरात निजते."

"सुकट कशी दिलीस ते सांग."

"तुमाला फुकट. काठीच्या नवऱ्याकडून पैसं नाय घेत मी."

या वेळी मातिल्डालाही हसू आलं.

तो दिवस इतर दिवसांसारखाच गेला. मातिल्डा चर्चच्या ओसरीत मुलींना बाराखडी आणि बेरजा शिकवून आली. तिचं लग्न कल्याणला स्टेशनातल्या एका कारकुनाशी झालं होतं. पटकीच्या साथीत तो गेला आणि ती एक कपड्यांची आणि दोन पुस्तकांच्या पेट्या घेऊन परतली. त्या पेट्यांत संतांची पोर्तुगीज चरित्रं होती, इंग्रजी कादंबऱ्या होत्या, रोमचा इतिहास होता आणि मराठी मासिकांचे बांधलेले गठ्ठे होते. गाव म्हणे, एवढं वाचून हिला बोलता कसं येत नाही? बोलायची ती थोडं आणि नीट.

दुपारी इनास जेवायला बसला की मुंबईचं शिळं वर्तमानपत्र ती त्याला वाचून दाखवी. त्याला दोनच गोष्टींत रस. भाताचा भाव आणि खून. भाव ऐकून तो "हरामखोर" म्हणायचा आणि खून ऐकून "आरेरे".

"बाबा, ठाण्याच्या शाळेला नोकरीचं उत्तर द्यायचं आहे," वर्तमानपत्राची घडी करता करता ती म्हणाली. "खोली चर्चजवळच मिळते आहे. दोघांना पुरेल."

"येवढं भात हाती येऊ दे. आगेऱ्याचा सन होऊ दे. मग तू नेशील तिकडं."

"नक्की?"

"तुना कदी नाय म्हनलो?"

"सकाळीच म्हणालात."

रात्री पुनवेचं उधाण येणार होतं. संध्याकाळी त्याने कंदील घेतला, फावडं घेतलं, भाकरी आणि भाजलेली सुकट फडक्यात बांधून घेतली आणि काठीच्या कड्याची चिंधी सोडून ओसरीवर टाकली. निघताना म्हणाला, "दार लावून घे. वाऱ्यानं दिवा गेला तर वाचशील कशी?"

तिने दार लावलं.

सकाळी मिठागरावर जाताना शेवंतीच्या नवऱ्याला, सहदेवला, तो दिसला. उघाडीच्या उत्तरेला खेकड्यांनी बांध आरपार पोखरला होता. इनासने बाहेरच्या बाजूने उतरून ते भगदाड बुजवलं होतं. फांद्या, गवत, चिखल, आणि शेवटी अंगातली गोणपाटाची खोळसुद्धा. मग वरचा बांध खचून त्याच्या मांड्यांवर बसला. तो तिथे रोवला गेला आणि पाणी चढत राहिलं. वर दोर धरून दुसरा माणूस असता तर त्याने त्याला उपसून काढलं असतं. दुसरा माणूस नव्हता. काठी शेजारीच चिखलात उभी होती.

मातिल्डा बांधावर पोचली तेव्हा सहदेव कमरेएवढ्या चिखलात उभा राहून हातांनी माती काढत होता. गावातली माणसं धावत येत होती. पण त्यांच्यातलं कुणी बांधाच्या खाडीकडच्या बाजूला गेलं नाही. सगळी आतल्या बाजूला, शेतांकडे उतरली. एकामागून एक वाकली. शेतातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

पाणी खारं झालं आहे का, ते पाहत होती.

"गोडं हाय!" डॉमनिक पाटील ओरडला. "आरे, गोडं हाय! वाचलं!"

मग त्याने मागे वळून पाहिलं, टोपी काढली आणि क्रूसाची खूण केली.

मातिल्डाने हे सगळं पाहिलं. ती तेव्हा रडत नव्हती. तिला पुढे कितीतरी दिवस रडू आलं नाही. डोळे मिटले की तिला बापाचं तोंड दिसायच्या आधी ती बोटं दिसायची, जिभांना लावलेली.

काठी रीतीप्रमाणे पाटलाच्या ओट्यावर गेली. चर्चच्या मागे इनासला माती दिली. शवपेटीला पहिला खांदा डॉमनिकने दिला. मोठ्याने तोच रडला.

"माजा भाऊ गेला गो मातू! माजा उजवा हात गेला!"

मातिल्डाने त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. याच हाताने चिंधी बांधली असेल, तिच्या मनात आलं. गाठ बांधताना दात लावले असतील का?

"हो काका," ती म्हणाली.

घरोघरून जेवण आलं. बायका बसायला आल्या आणि ठरावीक बोलल्या. भाग्याचं मरण आलं. गावासाठी गेला. देवाला चांगली माणसं लागतात. "इनासकाका म्हंजे कदी कोनाला नाय म्हनला नाय," एक म्हणाली, आणि बाकीच्यांनी जपमाळेच्या मण्यासारखं ते वाक्य पुढे पुढे सरकवलं. कदी नाय म्हनला नाय. कदी नाय म्हनला नाय. मातिल्डा त्यांना पाट देत होती, पाणी देत होती. त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या घरातून कधी ना कधी काठी पहाटे पुढे सरकली होती. ओसरीच्या कोपऱ्यात ती चिंधी अजून पडली होती. केर काढताना मातिल्डा तिच्या भोवतीचा केर काढायची आणि चिंधी तशीच ठेवायची.

बोलायचं तिच्या मनात रोज येई. शब्द तयार असत, अगदी विरामचिन्हांसकट. मग कानात बापाचा आवाज येई, "गावात बोलायचं नाय", आणि ती पुन्हा कामाला लागे. जिवंतपणी त्याने तिला फार थोड्या गोष्टी करू नकोस म्हणून सांगितलं होतं. ही शेवटची. ती मोडायची तर कोणत्या तोंडाने? आणि पाळायची तर कुठवर?

आगेऱ्याच्या आधी पाद्री घरी आला. आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. शेतात जाऊन पहिली पेंढी कापायची, वाजतगाजत चर्चमध्ये आणायची, आणि मग दर घरच्या कर्त्याने पुढे येऊन तिच्यातली कणसं घ्यायची आणि घरच्या देव्हाऱ्यावर लावायची. पाद्री गोव्याकडचा, मऊ स्वभावाचा, भांडणाला भिणारा माणूस.

"गावानं ठरवलं आहे, बेटी," तो म्हणाला. "यंदाची पहिली पेंढी तुमच्या शेतातली. कापायची तू, आणि कणसंही तुझ्याच हातून वाटायची. बाईमाणसाला हा मान आजवर कुणी दिला नाही."

"कुणाला सुचलं हे?"

"डॉमनिकला. फार लागलंय त्याच्या मनाला. उघाडीवर इनासच्या नावाचा क्रूस उभारायचा म्हणतो. तुझा बाप संत माणूस होता."

"फादर, मी संतांची चरित्रं बरीच वाचली आहेत. ज्याला मारलं त्याच्या चरित्रात मारणाऱ्याचं नाव असतंच. ते गाळून पुस्तक कुणी छापत नाही."

पाद्रीने पाण्याचा पेला खाली ठेवला. "काय म्हणायचं आहे तुला?"

"पुनवेची पाळी कोणाची होती?"

त्याने खाली ठेवलेला पेला उगाच थोडा बाजूला सरकवला. त्याला ठाऊक होतं, हे तिला तेवढ्यावरूनच कळलं. गावाला ठाऊक होतं. इनासनंतर पाटील, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"गेलेल्या माणसाच्या बाबतीत पाळी कोण विचारतं?" तो म्हणाला. "गाव आधीच मोडत आलंय, बेटी. तू शहाणी आहेस. वाचलेली आहेस. क्षमा करायला शहाणपण लागतं."

"आधी ती कुणीतरी मागावी लागते," मातिल्डा म्हणाली. "पेंढी मी आणीन."

पाद्री मोकळा श्वास घेऊन उठला. तिने होकार दिला एवढंच त्याने ऐकलं.

पुढच्या रविवारी आगेरा आला आणि त्याच दिवशी अवस होती. रात्री उधाण येणार होतं.

पहाटे मातिल्डा जागीच होती. आधी बूट ऐकू आले. करकर, करकर, सावकाश. चालणाऱ्याला घाई नव्हती. मग दाराला लाकूड टेकलं आणि कडं वाजलं. खणखणीत, चर्चच्या लहान घंटेसारखं. बूट आले तसेच परत गेले.

तिने दार उघडलं. काठी आत पडली. कड्याला चिंधी नव्हती.

ती काठीकडे पाहत उंबऱ्यात उभी राहिली. चिंधीत निदान लाज होती. आपण करतो आहोत ते कुणाला कळू नये, एवढी तरी जाण त्या गाठीत होती. आज तेवढीही उरली नव्हती. बाप गेलेलं घर, घरात एक विधवा बाई, आणि या माणसाला कडं झाकावंसंही वाटलं नाही. कारण त्याच्या लेखी यात झाकण्यासारखं काही नव्हतंच. काठीची जागा ती, तिथे काठी ठेवली. संपलं. एवढी वर्षं पुस्तकांत ज्याला क्रोध म्हणतात ते वाचताना तिला काहीतरी तापलेलं, लाल असं वाटायचं. हा तसा नव्हता. हा थंड होता, पहाटेच्या चिखलासारखा, आणि पायांपासून वर चढत होता.

सुकटीची टोपली घेऊन शेवंती येत होती. तिने काठी पाहिली आणि टोपली तिच्या डोक्यावरच राहिली.

"आगो... मेल्याच्या घरी? लाज इकून खाल्ली का काय यांनी?"

"कडं वाजवून गेले," मातिल्डा म्हणाली.

"चुलीत घाल ती. खैर हाय, चांगला जलंल. मी फुकनी आनते."

"नको. चुलीत नको."

"मग काय करशील? सहदेव जाईल आज रातचं, तू म्हनलीस तर. इनासदादासाठी जाईल तो."

"अजिबात जाऊ देऊ नकोस त्याला," मातिल्डा म्हणाली, आणि तिच्या आवाजाने शेवंती एक पाऊल मागे सरली. "ऐकलंस? अजिबात नाही."

तिने काळं लुगडं नेसलं, विळा कमरेला खोवला, काठी घेतली आणि चर्चच्या वाटेला लागली.

शेतावर बेंडवाल्यांनी वाजवलं, पाद्रीने मंतरलेलं पाणी शिंपडलं. इनासच्या तुकड्यात भात उभं होतं, पिवळं, जड, वाकलेलं. शेजारच्या तुकड्यांतही तसंच. बांधापासून टेकडीपर्यंत सगळीकडे तसंच. बऱ्याच वर्षांत इतकं चांगलं पीक आलं नव्हतं, असं मागे कुणीतरी म्हणत होतं, आणि कुणीतरी त्याला गप्प कर म्हणून ढोसत होतं. मातिल्डाने विळा लावला, मूठ-मूठ कापून पेंढी बांधली आणि डाव्या कुशीत घेतली. उजव्या हातात काठी होती. ती बापाची आठवण म्हणून घेतली आहे अशी बायकांची समजूत झाली आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावले.

परतताना डॉमनिक पाटील तिच्या बाजूने चालू लागला. बूट चिखलाने भरले होते, पण करकरत होतेच.

"बरं केलंस काठी आनलीस ती," तो हळू आवाजात म्हणाला. "इनासच आल्यावानी वाटतं. आनि आज रातच्याला त्या सहदेवला सांग. तुमच्या घरचं आयकतो तो. भाकरी बांधून दिलीस का झालं."

त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं. तो खरोखरच मदत करत होता. मातिल्डाने त्याच्याकडे पाहिलं. म्हातारा, ढगाळलेल्या डोळ्यांचा, तिला लहानपणी बोरं देणारा माणूस. त्याची थोडी कीव येईल असं तिला वाटलं होतं. आली नाही.

चर्चच्या पायऱ्यांवर पेंढी ठेवली. बेंड थांबला. पाद्रीने चार शब्द सांगितले. जो गव्हाचा दाणा मातीत पडून मरतो त्याचीच रास होते, असे. मग त्याने मातिल्डाला खूण केली. रीतीप्रमाणे पहिला मान पाटलाचा. डॉमनिकने टोपी बगलेत धरली, पायरी चढला आणि कणसांसाठी उजवा हात पुढे केला.

मातिल्डाने त्या हातात काठी ठेवली.

कडं वाजलं. डॉमनिक हसला. त्याला वाटलं, बाई दुःखात आहे, चुकली.

"कनसं, पोरी. कनसं दे."

"काका, ही तुमची आहे. पुनवेलाही तुमचीच होती."

बेंडातल्या ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला.

"पुनवेच्या पहाटे तुम्ही ती चिंधी बांधून आमच्या दाराला लावलीत," मातिल्डा म्हणाली. ती ओरडत नव्हती. शाळेत मुलींना सांगायची तशीच, प्रत्येक शब्द सुटा करून बोलत होती. "मी खिडकीतून पाहिलं. बाबांनाही सांगितलं. ते म्हणाले, गावात बोलायचं नाही. मी बोलले नाही. आज तुम्ही ती परत लावलीत. आज चिंधीसुद्धा बांधली नाहीत."

"आगो, तो राजीखुशीनं गेला!" डॉमनिकचा आवाज चढला. तो गावाकडे वळला. "विचारा कोनालाबी! इनास कदी कोनाला नाय म्हनला का?"

"नाही. कधीच कुणाला नाही म्हणाले नाहीत, आणि तुम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं," मातिल्डा म्हणाली. "पाटलांनी थेट आणली, बाकीच्यांनी एकेक दार सरकवली. एवढाच काय तो फरक. आमच्यापुढे दार नव्हतं. माझा बाप हाच तुमचा बांध होता."

"मातिल्डा," पाद्री म्हणाला, "आज सणाचा दिवस आहे."

"ते चिखलात रुतले होते," ती म्हणाली. या वेळी मात्र तिचा आवाज हलला आणि तिने तो हलू दिला. "माझा बाप चिखलात रुतला होता, आणि तुम्ही आलात आणि पाणी चाखलंत. आधी पाणी चाखलंत. त्यांच्याकडे एकटा सहदेव गेला, ज्याचं या शेतांत वीतभर काही नाही. गोडं आहे, म्हणालात. मी ऐकलं. आणि आता म्हणता संत होते, त्यांचा क्रूस उभारू. संत कसले? साधे होते. खुनाची बातमी ऐकून अरेरे म्हणायचे. आगेरा झाला की माझ्याबरोबर ठाण्याला येणार होते. आज झाला आगेरा."

पायऱ्यांखालच्या गर्दीत एक बाई हुंदका देऊन रडू लागली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. बाप्ये जमिनीकडे पाहत होते. कणसांसाठी पुढे आलेले दोघे हळूच मागे सरले. आता पायऱ्यांवर डॉमनिक एकटा उरला. तो काठी या हातातून त्या हातात घेत होता आणि कडं बारीक बारीक वाजत होतं, थांबायला तयार नव्हतं.

"मना रातचं दिसत नाय गो," तो म्हणाला. आता तो पाटील नव्हता, नुसता म्हातारा होता. "माजा पोरगा हितं नाय. उदान येनार आज. येवढं उभं भात... तूच सांग, कोन जाईल? इनासची पोर तू. घे. येवढी येल घे."

त्याने काठी तिच्याकडे केली. सगळ्या अंगणाने माना वर केल्या. तिवरबंदराच्या अंगवळणी पडलेलं होतं ते. काठी शेवटच्या दाराशी पोचली होती, आणि सगळे ते दार उघडायची वाट पाहत होते.

मातिल्डाने हात मागे घेतले. गेली कित्येक वर्षं ती पुस्तकातली मराठी बोलत आली होती. आता तोंडात आला तो शब्द तिचा नव्हता. बापाचा होता. बापाने तो आयुष्यात फक्त तिच्याशी, थट्टेत वापरला होता.

"नाय," ती म्हणाली.